दहा लाखांपर्यंत मोजा

संगणकांच्या पोटात बसून त्यांना चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे कर्नल, नव्या पिढीच्या प्रोसेसरवर चालवून दाखवावी, असा आदेश निघाला. काम आलं नवीकडे. तिला रुजू होऊन अकरा महिने झाले होते, तरी सगळे तिला 'नवी'च म्हणत. हा प्रोसेसर चालला तर नोकरी कायम, नाहीतर घरचा रस्ता, असं तिला तोंडी कळवण्यात आलं होतं.

नवं यंत्र सुरू केलं की लगेच मान टाकायचं. तिसऱ्या दिवशी नवीला कारण सापडलं. कर्नलमध्ये एक जुनी ओळ होती : डिस्क जागी होईपर्यंत दहा लाखांपर्यंत मोजा. जुन्या प्रोसेसरला एवढं मोजायला अख्खा सेकंद लागे. नवा डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळा होई आणि झोपलेल्या डिस्कला कामाला जुंपायला जाई. नवीने दोन ओळी लिहिल्या. मोजू नका, डिस्क जागी झाली का ते तिलाच विचारा.

साहेबांनी चष्मा काढला. "मोजायची ओळ काढायची? ती माझ्या साहेबांनी लिहिलीय. आजवर कुणाची टाप नव्हती तिला हात लावायची."

"पण साहेब, दुखणं तिथंच आहे."

"ओळ वीस वर्षं नांदतेय. प्रोसेसर कालचा. जुळवून कुणी घ्यायचं?"

मग प्रोसेसरने जुळवून घेतलं. प्रत्येक आकड्यानंतर त्याने थोडं थांबावं, असं ठरलं. त्याला आठ गाभे, म्हणजे एकाच वेळी आपापलं काम करू शकणारे आठ मेंदू, होते आणि कर्नलला एकाचीच सवय. म्हणून उरलेल्या सातांना गप्प बसवलं. पण तपासणी समितीला ते रिकामे दिसले. तेव्हा सातांनी पहिल्याला सतत 'काही काम आहे का?' असं विचारावं आणि त्याने प्रत्येकाला 'नाही' असं कळवावं, अशी दुरुस्ती झाली. आता पहिल्याचा सगळा वेळ नाही म्हणण्यात जाऊ लागला.

जुनं यंत्र चाळीस सेकंदांत सुरू होई, नवं चार मिनिटांत. अहवालात 'जुन्याशी पूर्णतः सुसंगत' असा शेरा पडला.

"आणि माझ्या दोन ओळी?" नवीने विचारलं.

"खणात ठेव. लोकांची एक जरी तक्रार आली, तर त्याच दिवशी घालू. शब्द देतो."

नवीने अहवालावर सही केली. कायम झाल्याचं पत्र घरी नेलं, तर आई म्हणाली, "अगं, मग तोंड का पाडलंयस?" नवीला स्वतःची लाज वाटत होती, पण ते आईला कसं सांगणार?

साहेब शब्दाचे पक्के आहेत. म्हणून नवी रोज सकाळी आल्या आल्या तक्रारपेटी उघडते. इकडे तुमच्या कोऱ्या यंत्राच्या पडद्यावर ते वर्तुळ गरगर फिरत असतं. तुम्ही चार मिनिटं त्याच्याकडे कौतुकाने बघता, "नवीन आहे ना, वेळ लागायचाच," असं घरच्यांनाच समजावता आणि पाणी प्यायला उठता. पेटी आजही रिकामीच निघाली.