खाऱ्या पाण्यातली टकटक

माशाच्या टाकीतली वाळू धुवायची होती, एवढेच. वाळू धुण्याच्या कंटाळ्यापायी माणसाने समुद्रच घरी आणल्याचे उदाहरण मला लोककथांच्या प्रदीर्घ अभ्यासात कुठेही आढळलेले नाही. ती उणीव मी स्वतः भरून काढली.

पत्नीने बादली पुढ्यात आणून आदळली, तेव्हा मी म्हणालो, "नुसती वाळू काय धुवायची? पाणीच बदलू या. खाऱ्या पाण्याची टाकी करू."

"आणि आजोबा?"

आजोबा म्हणजे आमचा म्हातारा गोल्डफिश. मुलगी शाळेत असताना आणलेला. मुलगी मोठी झाली, परगावी गेली. हा मात्र राहिला. पत्नी रोज सकाळी त्याच्याशी बोलते. (माझ्याशीही बोलते, पण तो ऐकताना तिच्याकडे बघतो.)

"आजोबांना तात्पुरतं बाथरूममधल्या टबात ठेवू."

"त्यांना काही झालं ना, तर त्या समुद्रात आधी तुम्हाला बुडवीन," ती म्हणाली आणि बादली उचलून घेऊन गेली. या विधानाला मी संमती समजलो.

माशांच्या म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र नकारार्थी मान हलवली. "सर, गोड्या पाण्यातला मासा मालकाच्या चुका पोटात घालतो. खाऱ्यातला नाही घालत. तरी करायचंच म्हणता? मग एक ऐका. हा समुद्रातला जिवंत दगड. टाकीत टाकण्याआधी वेगळ्या बादलीत ठेवा. काही दिवस नजर ठेवा. आत कोणीतरी राहत असतं."

मी अक्षरशः मोहरलो. उंबरठ्यावरचा म्हातारा, पाहुण्याला दिलेली वस्तू, आणि तिच्यासोबत एक अट! शेकडो कथांचा आरंभ असाच होतो. घरी येईपर्यंत या इशाऱ्याच्या रचनेचे विश्लेषण माझ्या डोक्यात पूर्ण झाले होते. (इशारा पाळायचाही असतो, ही बाब त्या विश्लेषणात बसली नाही.) दगड मी थेट टाकीत ठेवला.

पाणी मुरून माशांना राहण्याजोगे व्हायला बरेच आठवडे गेले. मग त्यात पिवळे मासे आले, निळे आले, काचेवरून सरकणाऱ्या गोगलगायी आल्या. दिवाणखान्यात एक निळसर उजेड पसरला आणि खुर्च्यांच्या सावल्या भिंतीवर हलू लागल्या. खुर्च्या हलत नव्हत्या.

आणि एका संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमारास, टाकीतून आवाज आला. टक्. बोटाच्या पेराने दार वाजवावे तसा. पण दाराच्या आतल्या बाजूने.

"ऐकलंस?" मी विचारले.

"पंप असेल."

मी पंप बंद केला. घरात शांतता पसरली. टक्. टक्.

दुसऱ्या दिवशी एक निळा मासा नव्हता. मेला नव्हता; नव्हता. पाठोपाठ पिवळा गेला. गोगलगायींची फुटकी कवचे वाळूत सापडू लागली, दगडातल्या एका काळ्या भोकासमोर नीट रचून ठेवल्यासारखी. टाकीकडे पाठ करून वाचायला बसलो, की मानेवर कोणाची तरी नजर जाणवे. वळून पाहावे तर पाणी स्वच्छ, दगड स्तब्ध.

सामान्य मनुष्याने अशा वेळी दगड उचलून पाहिला असता. मी वर्गीकरण केले. कोणालाही न दिसणारा, तिन्हीसांजेला दार वाजवणारा, स्थानभ्रष्ट झाल्याने बळी घेणारा: म्हणजे ही उघडच मूळ स्थानावरून उपटून आणलेली जलदेवता होती. अशांवर उपायही सर्वत्र एकच सांगितलेला असतो. नैवेद्य.

पत्नी बाहेर गेलेली पाहून मी कोळंबीचा एक सोललेला तुकडा त्या भोकापाशी सोडला. (हात जोडले होते. ते अभ्यासाचा भाग म्हणून.) तुकडा आत ओढला गेला. त्या संध्याकाळी टकटक झाली नाही. सकाळी उरलेले सगळे मासे जागेवर होते. अभ्यासकाने निष्कर्षाची घाई करू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. मी रोज नैवेद्य दाखवू लागलो.

एकदा पत्नी बाहेर पडण्याआधीच नैवेद्य झाला आणि मागून आवाज आला, "अहो, नमस्कार कोणाला चाललाय?"

"मी... पाण्याचा खारटपणा बघत होतो."

"हात जोडून?" तिचा आवाज एरवीसारखा नव्हता. "आजोबा सकाळपासून टबाच्या तळाशी पडून आहेत. हाक मारली तरी वर येत नाहीत. आज मला ही टाकी रिकामी हवी आहे."

"अगं, हिला असं एकदम हलवता येणार नाही. ती कोपेल."

"कोण ती?"

मला सांगावे लागले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले, टॉर्च आणला आणि म्हणाली, "सरका."

उजेड काळ्या भोकात शिरला. आत देठांवर बसवलेले दोन डोळे होते. त्यांतला एक हळूच तिच्याकडे वळला. दुसरा माझ्याकडेच राहिला. मग टक्, आणि सगळी काच थरारली.

"सर, ठोसेबाज आहे तो!" फोनवर दुकानदार ओरडला. "कोळंबीचा लांबचा नातेवाईक. मुठीने शिंपले फोडतो. काच फोडायच्या आत बाहेर काढा. दगड आधी बादलीत ठेवला होता ना?"

"तुमचं ते वाक्य मला फार आवडलं होतं," मी म्हणालो.

"मग भूक भागेल असं त्याला काही मिळत होतं का? मासे खायचा थांबला म्हणता..."

पत्नीने फोन माझ्या हातातून घेतला. "मिळत होतं. रोज. नातेवाईकच."

दगडासकट ठोसेबाज बादलीत गेला. उरलेले मासे दुकानदाराने नेले. ठोसेबाजाला परत घेण्यास त्याने नम्रपणे नकार दिला. समुद्र मोरीतून वाहून गेला आणि मी गुडघे टेकून वाळू धुतली. गोडे पाणी भरून आजोबांना त्यात सोडले, तेव्हा पत्नी काचेला कपाळ टेकून उभी होती. बराच वेळ काहीच घडले नाही. मग शेपटी हलली. आजोबा सावकाश वर आले आणि तिच्या बोटांतला दाणा त्यांनी टिपला.

ठोसेबाज आता माझ्या टेबलावर, जाड प्लास्टिकच्या पेटीत असतो. तिन्हीसांजेला तो वाजवतो आणि मी हातातले काम टाकून कोळंबी घेऊन धावतो.

काल असाच धावत गेलो, तर तो दगडात गाढ झोपलेला. तरीही टक्, टक् चालूच. आवाज स्वयंपाकघरातून येत होता. भिजल्या कोळंबीसह मी दारात पोहोचलो, तर पत्नी ओट्यावर चमचा आपटत उभी होती.

"इतकी वर्षं घसा फोडून हाका मारल्या," ती म्हणाली, "हे आधीच करायला हवं होतं. आता तो कचरा बाहेर ठेवा."