खालच्या गावाची शिदोरी

वैष्णवीच्या मांडीवर दुरडी होती आणि दुरडीवर तिच्या सासऱ्यांचा डोळा होता. भुजंगराव होडीच्या टोकाला पाठ टेकून बसले होते, पण नजर फडक्याच्या गाठीवरून हलत नव्हती. लग्नानंतरची पहिली पंचमी माहेरी करून सून परत निघाली की सोबत शिदोरी येते. ती आधी सासरच्या देवापुढे ठेवायची, मग गल्लीत दारोदार वाटायची आणि उरलीसुरली घरच्यांनी खायची. वाटेत गाठ सोडायची नाही. दुरडी हलकी निघाली तर गल्लीतल्या बाया सुनेच्या माहेराला जन्मभर नावं ठेवतात. त्या धास्तीनेच वैष्णवीच्या आईने दुरडीत बोट शिरणार नाही इतके कानवले भरले होते.

ओढ्यावरचा पूल वाहून गेल्याने एसटी बंद होती, म्हणून धरणाच्या पाण्यातून काठाकाठाने ही होडी. एरवी गप्पा संपायच्या आत गाव येतं. पण अर्ध्या वाटेवर वारं सुटलं, लाटा होडीला थापडा मारू लागल्या आणि बजरंग नावाड्याने एका बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला मुकाट्याने दोर बांधला. वारं पडलं, तर भुरभूर आणि धुकं उतरलं. काठ दिसेना, आभाळ दिसेना. पाणी कुठे संपतं तेही कळेना.

"चल की बजरंगा," वैष्णवीचा नवरा माऊली म्हणाला. तिला आणायला तो आणि त्याचे वडील दोघेही आले होते.

"काठ दिसल्याबिगर होडी सोडत न्हाई. खडकावर आपटली तर पवत घरी जावं लागंल. तुमाला येतंय पवायला?"

माऊली दुरडीकडे सरकला. "अण्णा, एक कानवला काढू का?"

"काढून तर बघ. हात मोडीन," भुजंगराव म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्यांच्याही पोटात कावळे ओरडत होते.

वेळ कुठे गेला कोण जाणे. शेजारच्या फांदीवर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता, तोही डुलक्या घेत होता. वैष्णवीचे डोळे मिटत होते आणि उघडले की मिटल्यासारखंच पांढरं दिसत होतं. आईने निघताना गालावरून फिरवलेला हात तिला अजून लागत होता, तुपाचा वास येणारा.

"ही बाभूळ तुमच्याच जुन्या गावची हाय," बजरंग बोलायचं म्हणून बोलला. "मारुतीच्या पारापाशी व्हती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पार उघडा पडतोय."

भुजंगराव ताडकन उठले, होडी कलली, बजरंग ओरडला. धरणासाठी गाव उठलं तेव्हा भुजंगराव चड्डीत होते. त्यांनी वाकून पाण्यात पाहिलं. "पार हितं, म्हंजे आपलं घर... ह्या उजव्या हाताला."

भुकेने माऊलीला वकिली सुचली. "मंग अण्णा, आपण घरी पोचलोच की! देवघर खाली हाय. शिदोरी देवावरच आली. सोडा गाठ!"

भुजंगरावांनी डोकं खाजवलं. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी पाण्याला हात जोडले आणि दुरडीची गाठ सोडली. माऊलीचा हात आत गेला, तसा त्यांनी तो धरला.

"थांब. घर हितं हाय, तर गल्लीबी हितंच हाय. आधी वाटायचं."

"कुणाला? माशांला?"

"माशांला कशाला? मुंजाजी काकाला. हे त्याचं दार. बजरंगा, दोर सोड, जरा फुडं घे. वाट मी सांगतो, खडक लागायचा न्हाई. सूनबाई, टाक."

वैष्णवीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कानवला पाण्यात सोडला. तो गोल फिरत खाली गेला. "पाया पड," सासरे म्हणाले. ती पाण्याला वाकली, होडी कलली, बजरंगने कपाळावर हात मारला.

मग होडी धुक्यातून हळूहळू गल्लीगल्लीने फिरू लागली. "ही सरजाबाईच्या सासऱ्याची ओसरी. रामराम, तात्या! हे तेल्याचं घर. आरं, एक दार मागं ऱ्हायलं, मागं घे!" भुजंगरावांचा आवाज पोरासारखा झाला होता. वैष्णवी वाकत होती, कानवले सोडत होती. तिला खरंच वाटू लागलं, खाली कुणीतरी दार उघडून ओंजळ पुढे करतंय.

"अण्णा, अजून किती घरं?" माऊली रडवेला झाला.

"गाव बारकं न्हवतं बाबा."

तळाशी एक मोडका कानवला उरला. त्याचे चार तुकडे झाले, एक बजरंगलाही मिळाला. आणि धुकं उठलं. लख्ख उजेडात वैष्णवीने रिकामी दुरडी पाहिली. आईचे सगळे कष्ट पाण्यात गेले होते.

भुजंगरावही भानावर आले. "सूनबाई, तुझ्या सासूला आता काय सांगावं?"

काठावर सासू धुरपताबाई पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभी होती, मागे गल्लीतल्या बाया. तिने दुरडी घेतली आणि हलकी लागताच फडकं वर केलं. वैष्णवीने मान खाली घातली. भुजंगरावांनी चाचरत सगळं सांगितलं.

मग सरजाबाई पुढे झाली. "आमच्या दारात टाकलं का?"

"टाकलं."

"आख्खं का मोडकं?"

"आख्खं."

"मंग बरं झालं. आमच्या सासऱ्याला लय आवडायचं," ती म्हणाली आणि तिने पदराने नाक पुसलं. मग सगळ्याच बाया विचारू लागल्या, "आमच्या? आमच्या दारात?" रिकाम्या दुरडीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. वैष्णवीने मान वर केली.

फक्त धुरपताबाई पाण्याकडे पाहत होती. तिचं माहेरही त्याच गावातलं, वेशीजवळचं. गाव उठलं, माणसं पांगली, आईबाप लवकर गेले.

"समद्या गावाला वाटलं," ती शेवटी म्हणाली. "माझ्या बापाच्या दारात?"

भुजंगरावांनी पुन्हा डोकं खाजवलं. "ते... वेशीकडं होडी गेलीच न्हाई."

"लगीन झाल्यापासून मला पंचमीला कुणी न्यायला आलं न्हाई. कुठून येतील?" तिने वैष्णवीचा हात धरला. "चल पोरी, कणीक मळू. बजरंगा, सकाळी होडी तयार ठेव. मला माहेरी जायचं हाय."

भुजंगराव घाईघाईने म्हणाले, "मी येतो की सोडायला."

"सोडायला नगं," धुरपताबाई नव्या नवरीसारखी लाजली. "सांजच्याला न्यायला या."