सिक्युरिटीचा कौल

रविवारी सकाळी निकेतचा फोन आला तेव्हा रामचंद्र एका जुन्या पुस्तकाची सुटलेली पानं खळीने चिकटवत बसले होते. निकेत न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात नेटवर्क सांभाळायचा. तिथले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते ठेवायचे, एवढं रामचंद्रांना समजलं होतं. त्यापुढचं समजल्यासारखी ते मान हलवत.

"बाबा, पुढचं सर्टिफिकेट कुठलं करू? सिक्युरिटी, क्लाउड की वायरलेस? वर्षातून एकाच परीक्षेला अभ्यासाची रजा मिळते. शुक्रवार लास्ट डेट आहे."

बोर्ली पंचतनच्या वाचनालयात चौतीस वर्षं काढलेल्या रामचंद्रांना लोकांनी आजवर पुस्तक कुठल्या कपाटात आहे, एवढंच विचारलं होतं. काय करू, असं विचारणारा एकटा निकेत, आणि त्यालाही त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "तुझं तू बघ." पण आता मुलाचा साखरपुडा बारा दिवसांवर आला होता. एकदा तरी बापासारखं वागावं, असं त्यांना वाटलं.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

पलीकडून निकेत चाचरला, "अं? बरं."

रामचंद्रांनी शब्दकोश काढला. सिक्युरिटी म्हणजे सुरक्षा, तारण, जामीन. क्लाउड म्हणजे ढग, सावट, संशय. वायरलेस म्हणजे बिनतारी. कोश मिटला तेव्हा ते आधीपेक्षा जास्त गोंधळले होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिन्ही बाजूंनी इतका विचार केला, की पत्नी कोकिळाबाईंनी शेवटी भाजी निवडता निवडता सांगितलं, "तुमच्यानं न्हाय व्हायचं. देवीला विचारा."

सोमवारी सकाळी दोघं गावदेवीच्या देवळात गेली. वीज गेलेली होती. विठोबा गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि सगळं ऐकून घेतलं.

"तीन न्हाय चालायचे, भाऊ. कौल उजवा नायतर डावा, पाकळी पडंल तसा. तिसरी बाजू देवीला कुठून आणू?"

तेव्हा एक गाळणं आलं. रामचंद्रांनी वायरलेस गाळलं. आपल्या घरात फोनची रेंज मोरीशेजारी उभं राहिल्याशिवाय धड मिळत नाही. अशा बेभरवशाच्या विद्येत मुलाला कशाला घालायचं? उरले दोन. "आणि क्लाउड म्हंजे काय?" विठोबाने विचारलं. आपल्यालाच न कळणारं इंग्रजी देवीला सांगायला त्याला बरं वाटेना. रामचंद्रांनी कोशातला पहिला अर्थ सांगितला.

विठोबाने हात जोडून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "आई गावदेवी, हा तुजा रामचंद्र पायाशी आलाय. त्याचा पोरगा सिक्युरिटीत जायचा असंल तर उजवा दे. ढगात जायचा असंल तर डावा दे."

"ओ विठोबा," कोकिळाबाई किंचाळल्या, "ढगात काय जाईल माझा पोर? तोंडाला काय हाड?"

"मी कुठं बोललो? भाऊंनीच सांगितला अर्थ."

हा वाद चालू असतानाच वीज आली. मुंबईकरांनी देणगी दिलेला मोठा पंखा गरगर फिरू लागला आणि उजवी पाकळी सुटून तरंगत खाली आली. "झाला कौल," विठोबा म्हणाला. कौल देवीचा की पंख्याचा, अशी शंका रामचंद्रांना आली. पण कोकिळाबाई इतक्या भक्तिभावाने हात जोडून उभ्या होत्या, की ती त्यांनी गिळली.

खांबाशी टोपली ठेवून बसलेल्या गोदू कोळणीने गाऱ्हाण्यापासूनचं सगळं ऐकलं होतं. कॉम्प्युटर, सर्टिफिकेट हे तिच्या येण्याआधीच होऊन गेलं होतं. मंगळवारी बाजारात बोंबील देता देता तिने सांगितलं, की रामचंद्रभाऊंचा निकेत सिक्युरिटीत लागला. बोंबील घेणारी बाई नेमकी निकेतची होणारी सासू होती.

बुधवारी धर्मा व्याही दारात. त्यांचे दोन टेम्पो दिघी बंदरावर चालत आणि मुलगी कल्पिता कॉम्प्युटर शिकलेली होती.

"व्याही, पोरगी मी कॉम्प्युटरवाल्याला दिली. वॉचमनला न्हाय."

"वॉचमन नाही हो. ही सिक्युरिटी वेगळी."

"वेगळी म्हंजे? करायचं काय त्यात?"

रामचंद्रांनी रविवारी एका मासिकातला लेख दोनदा वाचला होता. ते जपून बोलले. "कोण आत येतंय, कोण बाहेर जातंय, यावर लक्ष ठेवायचं."

धर्मांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

"ओळख पटल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही. प्रत्येकाची नोंद ठेवायची."

"वहीत?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"आमच्या गेटवरचा भय्या पन आता कॉम्प्युटरातच लिवतो."

"शिवाय एक आगीची भिंत असते," रामचंद्र म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्याने ते माहीत असलेलं सगळंच सांगत सुटले होते. "ती सांभाळायची."

"म्हंजे आग लागली तर ती पन यानंच विझवायची?"

चहा घेऊन आलेल्या कोकिळाबाईंना राहवेना. "भावोजी, दुसरा होता तो ढगात जायचा होता. मीच नको म्हटलं."

धर्मांनी कप न उचलता टोपी उचलली. "शुक्रवारपर्यंत वाट बघतो. सिक्युरिटीच असंल तर साखरपुडा ऱ्हावू दे."

गुरुवारी रामचंद्रांनी मोरीशेजारी उभं राहून निकेतला फोन लावला. घडलेलं सगळं सांगून ते हळूच म्हणाले, "माझं चुकलं. सिक्युरिटी नको. मी गाळलं तेच बरं होतं बहुतेक."

"बाबा, टेन्शन नका घेऊ. फॉर्म मी गेल्या आठवड्यातच भरलाय. वायरलेसचा."

"मग मला विचारलंस कशाला?"

"न विचारता ठरवलं, असं तुम्हाला वाटू नये म्हणून. मला काय माहीत? वाटलं, तुम्ही 'तुझं तू बघ' म्हणाल."

रामचंद्रांनी मोरीतला गळका नळ बंद केला. "आणि ठरवलं कुणी?"

"कल्पिताने. आमच्या यार्डात क्रेनवरचं वायफाय सारखं जातं. ती म्हणाली, जे रोज बिघडतं तेच शीक. तुम्ही थांबा, तिच्या पप्पांना तीच सांगेल."

देवळात जाऊन रामचंद्रांनी विठोबाला खरं काय ते सांगितलं. देवी खोटी पडली, असं त्यांना व्हायला नको होतं. विठोबा वाती वळत होता. तो म्हणाला, "खोटी कशी पडंल? तिसऱ्याचं तुमी विचारलंच न्हाय."

शुक्रवारी सकाळीच धर्मांचा फोन आला. आवाज इतका मोठा, की रेंज नसती तरी ऐकू आला असता.

"व्याही, आधी सांगायचं ना. पोरीनं काल घरी सांगितलं, वायरलेसला बसतोय म्हणून. माझा मावसभाऊ पोलिसात वायरलेसलाच होता. रिटायर झाला तरी गाव अजून दबून हाय. साखरपुडा पक्का. पाव्हणे वाढवतोय, हरकत न्हाय ना?"

रामचंद्रांनी तोंड उघडलं. त्यांना भय्याचा कॉम्प्युटर आठवला, आगीची भिंत आठवली, न उचललेला कप आठवला. त्यांनी तोंड मिटलं.

"एक सांगा," धर्मा म्हणाले, "जावईबापूंना वर्दी कधी मिळंल?"

"विचारून सांगतो," रामचंद्र म्हणाले.

फोन ठेवल्यावर कोकिळाबाईंनी विचारलं, "देवीला विचारायचं? नारळ काढू?"

"नको," ते म्हणाले. "मला कल्पिताचा नंबर लावून दे."