घागरीत अडकलेला राजा

राजा घागरीत सहज गेला तेव्हा उमाजीला आनंदच झाला. तो बाहेर येईना तेव्हा मात्र उमाजीचा आनंद संपला. कारण गेल्या परीक्षेतही त्याचं घोडं नेमकं इथंच अडलं होतं.

राजा लाकडाचा होता. उमाजीच्या तानूकाकीच्या लग्नात तिच्या माहेरून आलेली राजा-राणीची जोडी होती, तांबड्या चंदनाची, वीतभर उंच. बेंगळूरकडं लेकीला अशी जोडी द्यायची आणि दर दसऱ्याला घरात बाहुल्यांसाठी पायऱ्या रचून ती सगळ्यात वर मांडायची, अशी रीत. खालच्या पायऱ्यांवर बाकीची प्रजा: शिपाई, वाजंत्री, गवळणी, आणि किराण्याचं दुकान मांडून बसलेला ढेरपोट्या शेट्टी. संध्याकाळ झाली की चामराजपेटेतल्या बायका-पोरी घोळक्यानं निघायच्या. "बाहुल्या मांडल्या का हो?" असं दारातून विचारायचं आणि सरळ आत शिरायचं. ओळख असलीच पाहिजे असं काही नव्हतं. हळदकुंकू घ्यायचं, द्रोणातली उसळ खायची, बाहुल्यांना नावं ठेवायची आणि पुढच्या घरी जायचं. अठ्ठावन्न सालची गोष्ट आहे. गल्लीत तेव्हा मोटार आली तर लोक खिडकीत यायचे.

उमाजी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होता. बाकी सगळे विषय सुटले, पण बाळंतपणाच्या तोंडी परीक्षेत तो आपटला. तिथं टेबलावर हाडाचा कटिभाग आणि कापडी बाळ ठेवलेलं असायचं. बाळाचं डोकं कसं वाकतं, कुठं वळतं, खांदे कसे सुटतात, ते करून दाखवायचं. परीक्षा घ्यायला बसल्या होत्या डॉक्टर राव. बाई कधी आवाज चढवत नसत, म्हणून पोरं त्यांना जास्त भ्यायची. उमाजीनं बाळ फिरवलं, ओढलं, परत आत घातलं, पुन्हा फिरवलं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मिस्टर, तुम्ही सहा महिने थांबा. बाळ थांबतंय का ते त्याला विचारा."

घरी आल्यावर येसाजीकाकांनीही आवाज चढवला नाही. शिवाजीनगरात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, मिलिटरीवाल्यांचे गणवेश शिवायचे. उमाजीला त्यांनी लहानपणापासून वाढवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आणखी एकदा बस. नाही जमलं तर दुकानात ये. तुझ्यासाठी एक मशीन तेल घालून ठेवलंय." त्या तेल घातलेल्या मशीनची उमाजीला स्वप्नं पडायला लागली.

खरं तर पाठ करण्यात तो कमी नव्हता, फक्त त्याची तऱ्हा निराळी होती. हॉस्टेलमधला शिवाप्पा इंग्रजी कविता करून पाठ करायचा. उमाजीला कविता आठवायची आणि रोग विसरायचा. त्याला डोळ्यासमोर वस्तू लागायची. गर्भाशय कितव्या आठवड्याला केवढं, हे त्यानं सिटी मार्केटात उभं राहून पाठ केलं: अंडं म्हणजे सहा, मोसंबी म्हणजे आठ, पपनस म्हणजे बारा. एकदा काकीनं विचारलं, "किती पपनसं आणलीस रे?" तर म्हणाला, "बारा आठवड्यांचं एकच." काकीनं त्या दिवसापासून फळं स्वतः आणायला सुरुवात केली.

आणि बाळाचं बाहेर येणं त्यानं बसवलं होतं काकांवर.

झालं असं होतं की परसाच्या भिंतीला गल्लीकडं उघडणारं एक दार होतं, बुटकं आणि अरुंद. काका होते धिप्पाड. ते त्या दारातून आत यायचे त्याची एक ठरलेली पद्धत होती. आधी हनुवटी छातीला लावायची. डोकं आत घालायचं. डोकं सुटलं की मान वर करायची. मग मान कडेला वळवून नळाकडं बघायचं, अंग आडवं फिरवायचं, पुढचा खांदा, मागचा खांदा, आणि मग उरलेले काका. एका रविवारी उमाजी तुळशीजवळ पुस्तक घेऊन बसला होता, समोरून काका आले, आणि त्यानं पुस्तकातलं पान आणि दार यांच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. पुस्तकात जे होतं तेच दारात चाललं होतं. फक्त पोटापाशी पुस्तक आणि काका वेगळे होत. बाळ खांदे सुटल्यावर सुळकन बाहेर येतं. काकांचं तसं नव्हतं.

आता नुसतं बघून भागत नाही, हातानं करून बघायला हवं. कॉलेजातलं हाडाचं सामान सणाच्या सुट्टीत कुलूपबंद. घरात काकीची एक तांब्याची घागर होती, नळावर पडून तिचं तोंड चेपून लांबट झालेलं. कटिभागासारखंच. आणि बाळ म्हणून राजा. त्याच्या फेट्याला पुढं तुरा होता, म्हणजे डोकं पुढून मागं लांब, आणि खांदे आडवे रुंद. अगदी हवा तसा. उमाजीनं काकी वाटणाला बसलेली बघून राजाला पायरीवरून उचललं, परसात नेलं, इकडून तिकडून वळवत घागरीत घातलं. टण्ण आवाज झाला. आत जाताना तो कसा वळवला होता, हे मात्र त्यानं बघून ठेवलं नव्हतं.

घागर उपडी केली. तुरा अडकला. हलवली, खांदा अडकला. तेल सोडलं, तर राजा आत नुसता गरगर फिरायला लागला.

"उमा," काकी आतून ओरडली, "दिवे लाव रे बाहुल्यांपुढं. सगुणाक्का यायची वेळ झाली."

सगुणाक्का म्हणजे बसवनगुडीतली म्हातारी, काकीच्या माहेरच्या नात्यातली. दर वर्षी झटक्यात, म्हणजे टांग्यात, बसून बाहुल्या बघायला यायची आणि दर वर्षी त्या जोडीचीच दृष्ट काढायची. उमाजी पळत आत गेला. वरच्या पायरीवर राणी एकटी उभी. सणासुदीला ते बघवत नव्हतं. त्याला सुचलं ते त्यानं केलं. खालचा शेट्टी उचलून राणीशेजारी बसवला, त्याच्या टकलावर जरीचा तुकडा गुंडाळला, तराजू पाठीमागं लपवला. लांबून बरा दिसत होता. नुकताच गादीवर आलेला वाटत होता.

तेवढ्यात गल्लीत मोटार थांबली. सगुणाक्कानं मोटारीतून यायचं कारण एवढंच की झटकेवाला गावाला गेला होता आणि लेकीनं तिला आणून सोडलं होतं. ही लेक म्हणजे काकी नेहमी सांगायची ती भाग्यलक्ष्मी, "पुष्कळ शिकली, लग्न तेवढं राहिलं". उमाजी पडद्यामागून बघत होता. सगुणाक्का आत आली. मागून डॉक्टर राव आत आल्या. चप्पल काढता काढता बाई म्हणाल्या, "अम्मा, स्वल्प सावकाश."

काकीची भाग्यलक्ष्मी आणि कॉलेजातल्या डॉक्टर राव एकच असतील, हे उमाजीच्या डोक्यात तीन वर्षांत आलं नव्हतं. तो पडद्यामागून सरळ परसात गेला आणि घागर घेऊन खाली बसला.

आत सगुणाक्कानं चष्मा पुसून लावला. वर बघितलं. मग म्हणाली, "तानू, राणीनं दुसरं लग्न केलं काय गं?"

"काय म्हणता अक्का?"

"केलं तर केलं बाई, पण किराणावाल्याशी?"

काकीनं वर बघितलं, शेट्टीचा फेटा सोडला, आणि हाक मारली. ती हाक तीन गल्ल्यांना ऐकू गेली असणार. "उमाऽ, माझा राजा कुठाय?"

हाकेपाठोपाठ तिघी परसात आल्या. उमाजी घागर मांडीत घेऊन बसलेला, दोन्ही हातांना तेल, आणि घागरीतून खडखड आवाज. बाईंना बघून तो उठला. घागर सोडता येईना, म्हणून घागरीसकट नमस्कार केला.

"मॅडम, मी अभ्यास करत होतो."

"दिसतंय," बाई म्हणाल्या.

काकीनं घागरीत डोकावून बघितलं आणि मटकन पायरीवर बसली. "माझ्या लग्नातला राजा रे. तीस वर्षं कुणी बोट लावलं नाही त्याला. आता काय करायचं? तांबटाकडं नेऊन घागर कापायची?"

"ऑपरेशनची घाई नको," बाई म्हणाल्या. त्यांनी पाट ओढला, पदर सावरला, आणि त्यावर बसल्या. उमाजीनं ही बैठक ओळखली. "मिस्टर, आत घातला तुम्हीच ना? बाहेरही तुम्हीच काढा. मी हात लावणार नाही. पुढच्या आठवड्यात हेच विचारणार आहे मी."

"भागू, पोराला कशाला छळतेस?" सगुणाक्का म्हणाली.

"अम्मा, तू उसळ खा."

उमाजीनं घागर आडवी धरली. हात आत घातला. डोळे मिटले. त्याचे ओठ हलायला लागले. "काका दारात उभे राहतात. काका हनुवटी छातीला लावतात."

"कोण काका?" बाई म्हणाल्या.

"मॅडम, म्हणजे बाळ."

"बरं. पुढं."

राजाला मान नव्हती, पण सगळाच तिरका केला तर हनुवटी खाली जात होती. तुरा तोंडाच्या लांबट बाजूला आला आणि डोकं बाहेर. काकीनं टाळी वाजवायला हात उचलले. उमाजीला हर्ष झाला आणि हर्षाच्या भरात त्यानं सरळ ओढलं. खांदे काठाला आडवे बसले. राजाचं डोकं तेवढं घागरीबाहेर, मिशा पिळलेल्या, नजर बाईंकडं.

"आता?" बाई म्हणाल्या.

आता काही नाही. परीक्षेत झालं होतं तेच. काका दारात मान वर करून उभे, आणि पुढचं सगळं पुसलेलं. उमाजीला फक्त तेल घातलेलं मशीन दिसायला लागलं.

नेमकी तेव्हाच परसाच्या दाराची कडी वाजली. बाहुल्यांच्या दिवसांत पुढचं घर बायकांनी भरलेलं, त्यामुळं पुरुषांनी मागून यायचं, हा गल्लीतला नियम. काका दुकान बंद करून, गळ्यात मापाची टेप तशीच, दारात उभे राहिले.

हनुवटी छातीला. डोकं आत. मान वर. समोर घागर, बाई, दोन बायका, सगळे आपल्याकडंच बघताहेत, हे बघून काका स्वल्प थबकले. पण अंगाला सवय होती. मान कडेला नळाकडं वळली. अंग फिरलं.

"फिरतात," उमाजी म्हणाला. "मॅडम, काका इथं फिरतात."

त्यानं राजाला पाव वळसा दिला. काकांचा पुढचा खांदा आत आला, राजाचा बाहेर आला. काकांचा मागचा खांदा, राजाचा मागचा खांदा. राजा सुळकन उमाजीच्या मांडीवर पडला. काका पोटापाशी अडकले.

बाईंनी राजाकडं बघितलंच नाही, त्या दाराकडं बघत होत्या. श्वास आत ओढून काका एकदाचे परसात उतरले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार. काय चुकलं का माझं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "एक काम कराल? परत बाहेर जाऊन एकदा आत याल?"

काका बाईमाणसाचा शब्द मोडत नसत. बाहेर गेले, आत आले. बाईंनी या वेळी पाटावरून उठून, कडेला उभं राहून बघितलं.

राजाच्या तुऱ्याचा सोनेरी रंग घागरीत राहिला होता. काकीचे डोळे भरून आले. सगुणाक्कानं राजाला पदरात घेतलं, पुसलं, कुंकू लावलं. "रडतेस काय तानू. आत्ता जन्मलाय. जन्मताना कुणाच्या डोक्यावर तुरा असतो काय?"

"मग बारसं करावं लागेल, अक्का," काकी नाक पुसत म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

निघताना बाई उमाजीला म्हणाल्या, "परीक्षेला काकांना आणायचं नाही."

"नाही, मॅडम."

"आठवायला हरकत नाही."

उमाजी पास झाला. त्या तेल घातलेल्या मशीनवर काकांनी त्याचा पहिला पांढरा कोट स्वतः शिवला, मिलिटरी पद्धतीचा, खांद्यावर पट्ट्यांसकट. पट्ट्या उसवायला उमाजीचं मन झालं नाही. वॉर्डातल्या बायका त्याला बरेच दिवस कॅप्टन म्हणायच्या.

संक्रांतीनंतर काकांनी दार मोठं करायला गवंडी बोलावला होता. उमाजीनं त्याला परस्पर परत पाठवला. का, ते काकांना पुढच्या दसऱ्यालाही कळलं नाही. त्या दसऱ्याला काकीकडं मेडिकलच्या पोरापोरींचा घोळका आला, डॉक्टर रावबाईंनी पत्ता सांगितला म्हणून. बाहुल्यांकडं कुणी धड बघितलं नाही. उसळीचे द्रोण घेऊन सगळे परसात जाऊन बसले. कडी वाजली तशी सगळी उठून उभी राहिली, आणि काका आत आल्यावर एक मुलगी अदबीनं म्हणाली, "अंकल, आणखी एकदा?"

पोरं गेल्यावर काका पायरीवर बसून कॉफी पीत होते. "बघितलंस?" ते काकीला म्हणाले. "उद्याची डॉक्टर पोरं. पण मी आलो की उभी राहतात. शिंप्याला एवढा मान कोण देतं आजकाल?"

"सरी, बरं, देतात तर घ्या," काकी म्हणाली. "पण स्वल्प पोट कमी करा. बाळ तिथं अडकत नाही म्हणे. पोरं चुकीचं शिकतील."