बनसोडे गुरुजींचं फक्कीचं घर

लोहाऱ्यात एक घर असं होतं की त्याला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, पण आत जायचं ते दारातूनच. गावाबाहेरच्या आपल्या मोकळ्या प्लॉटवर बनसोडे गुरुजींनी होणारं घर पांढऱ्या फक्कीनं आखून ठेवलं होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सरळ रेघ ओलांडून त्यांच्याकडे निघालो. गुरुजी कळवळले.

"ओ पाटील गुरुजी, भिंतीतून कुठं येताव? दार तिकडं हाय!"

मी मुकाट्यानं मागे फिरलो, रेघेत ठेवलेल्या फटीपाशी चपला काढल्या आणि रीतसर आत गेलो. रणरणत्या उन्हात त्या 'बैठकीत' आम्ही अर्धा तास गप्पा मारल्या. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं, त्यामुळे घर वाहून जायची भीती नव्हती. शेळ्या तेवढ्या खुशाल भिंतीतून ये-जा करायच्या, म्हणून दर रविवारी गुरुजी फक्की घेऊन डागडुजीला येत.

आम्ही दोघं एकाच महिन्यात शाळेत रुजू झालेलो. ते गणित शिकवायचे आणि "ताडून बघू" हे त्यांचं पालुपद होतं. वांगी घ्यायची तर आठवडी बाजाराला तीन फेऱ्या. न्हावी पसंत करायचा म्हणून त्यांनी एकदा अर्धं डोकं एकाकडे आणि अर्धं दुसऱ्याकडे कापून घेतलं, असं शाळेत सांगत. गोष्ट खोटीच असणार. पण ती ऐकून "छे, गुरुजी असं करणार नाहीत" म्हणणारा मला कुणी भेटला नाही.

असा माणूस घरासाठी कर्ज काढायला निघाला. एक हाउसिंग सोसायटी, एक बँक आणि एक शिक्षकांची पतपेढी, अशी तीन ठिकाणं त्यांनी हेरली. तिन्हींच्या कागदांना तीन पिशव्या, पिशव्यांना तीन खुंट्या. सुट्टी आली की एक पिशवी खांद्याला लावून गुरुजी एसटीत बसायचे. तिकडे जाऊन विचारायचे काय? "घर तुमच्याकडं गहाण, मग खिडकीला हिरवा रंग द्यायचा झाला तर तुम्हाला इचारायचं का?" बँकेचे साहेब एकदा हात जोडून म्हणाले, "गुरुजी, कर्ज तरी घ्या, नाहीतर आमच्याकडं नोकरी तरी धरा!"

गुरुजींच्या घरच्या सुमनबाई तर पार वैतागल्या होत्या. "दोन वरसं झाली, हितं सैपाकघर, हितं सैपाकघर म्हणून दाखवायलेत," त्या मला म्हणाल्या. "चूल कवा पेटायची त्ये बी ताडून बघायचं हाय का?"

पण मग ताडायला वेळच उरला नाही. ते भाड्यानं राहत त्या खोलीच्या मालकानं मुलाचं लग्न ठरवलं आणि दिवाळीपर्यंत खोली मोकळी करून मागितली. गुरुजींनी तिन्ही पिशव्या उतरवल्या आणि निकाल लावला. सोसायटीचं व्याज सगळ्यांत कमी, मुदत सगळ्यांत लांब. शाळेत आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. जामीनदार म्हणून मला बरोबर नेलं. खरं सांगतो, दोन वर्षं मी हेच बोलावणं चुकवत होतो, पण आता पळायला जागा नव्हती.

सोसायटीचे चिटणीस भले गृहस्थ. त्यांनी चहा मागवला, गुरुजींचा नकाशा पाहिला आणि आपला छापील नकाशा शेजारी ठेवला. "दोन खोल्या, सैपाकघर, पडवी. आमचं कर्ज एवढ्याच घराला मिळतं. तुमची ही रस्त्याकडची जादा खोली काढा, की झालं काम."

"ती न्हाय निघायची," गुरुजी म्हणाले.

"अहो, तिला घरातून दारसुद्धा नाही. काय उपयोग तिचा?"

गुरुजींनी चहा संपवला, कागद पिशवीत भरले आणि नमस्कार करून उठले. तिथून थेट बँकेत. तिथे व्याज सगळ्यांत जास्त, पण नकाशा कसाही चाले. एकही प्रश्न न विचारता त्यांनी गहाणाच्या कागदांवर सह्या केल्या. साहेबच घाबरले. गुरुजींच्या सहीखाली मीही सही केली.

बसस्टँडवर माझा पारा चढला. "दोन वर्षं ताडून शेवटी सगळ्यांत महाग तेच घेतलंत? त्या एका खोलीपायी? मला तर ती कडब्याची खोली वाटली होती. मी तिथंच चपला काढतो!"

गुरुजी रागावले नाहीत. "आपुन लोहाऱ्याला आलो त्यो महिना आठवतोय का, गुरुजी? तुम्हाला पहिल्याच दिवशी खोली मिळाली. म्या अन् सुमन शाळेच्या वऱ्हांड्यात ऱ्हायलो, महिनाभर. लई घरं हिंडलो. समदी चांगली बोलायची. मग आडनाव इचारायची. मग म्हणायची, खोली न्हाय हो रिकामी."

मला आठवत होतं. तेव्हा ते माझ्याकडेही आले होते. मी "मालकाला विचारून बघतो" म्हणालो होतो आणि विचारलं नव्हतं. विसरलो नव्हतो, विचारलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं आणि आताही दाखवलं नाही. मला फार लाज वाटली.

"ती खोली येईल त्येची," ते म्हणाले. "चला, गाडी लागली."

दिवाळीला चार दिवस असताना घरावर पत्रे चढले. सुमनबाईंची चूल पेटली. खिडक्या हिरव्या झाल्या, कुणाला न विचारता.

पुढच्या जूनमध्ये शाळेत एक नव्या बाई बदलून आल्या. बरोबर म्हातारे वडील, एक ट्रंक आणि स्टोव्ह. दुपारपर्यंत गावात हिंडून त्या थकल्या होत्या. मीच त्यांना गुरुजींकडे घेऊन गेलो. तेवढं तरी माझ्या हातून झालं. गुरुजी कुलूप काढून रस्त्याकडच्या दारात उभे राहिले. बाईंनी पदर सावरला आणि आता विचारतीलच म्हणून आपणच सुरुवात केली, "माझं नाव शकुंतला, आडनाव..."

"आडनाव ऱ्हाऊ द्या बाई," गुरुजी त्यांच्या हातातली ट्रंक घेत म्हणाले. "जेवलाव का?"