आडवे बाबा, उभे बाबा

ऑफिसात अठरा वर्षं मी प्रेझेंटेशन करते आहे. त्यामुळे बाबांच्या आठवणींच्या सभेसाठी फोटोंचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. डोळे झाकून करीन, म्हटलं!

माझे आणि बाबांचे फोटो जुन्या कॅमेऱ्यातले, आडवे. नऊ. धाकट्या बहिणीचे आणि बाबांचे मोबाइलवरचे, उभे. एकेचाळीस! शेवटची सहा वर्षं बाबा तिच्याकडे होते ना. माझ्या वाट्याला रोज संध्याकाळी सातचा व्हिडिओ कॉल.

सुदैवाने एका फाइलीत सगळ्या स्लाइड आडव्या तरी असतात, नाहीतर उभ्या तरी. मग मी धाकटीच्या फोटोंची वेगळी फाइल केली आणि माझ्या नवव्या फोटोनंतर तिची लिंक द्यायची ठरवली. तोवर निम्मं सभागृह चहाकडे वळलेलं असेल, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

सभेत पहिला फोटो लागला. चार वर्षांची मी, बाबांच्या खांद्यावर. लोकांना नीट बघू दिलं आणि क्लिक केलं.

धाकटी! आपोआप एकामागून एक सरकणारे, एकेचाळीसच्या एकेचाळीस!

ती फाइल बंद केली. पुन्हा मी खांद्यावर. क्लिक. पुन्हा धाकटी! लिंक मी शेवटच्या स्लाइडऐवजी मूळ साच्यात लावली होती. म्हणजे प्रत्येक स्लाइडवर, आणि तीही काठोकाठ पसरून; कुठेही क्लिक केलं तरी धाकटीच!

"किती केलं गं पोरीनं," आत्या डोळे पुसत म्हणाली.

"थोरलीचा एकच फोटो दिसतोय," मागून काका पुटपुटले.

तिसऱ्यांदा तेच झाल्यावर मी धाकटीजवळ जाऊन कुजबुजले, "झालं तुझ्या मनासारखं?"

"माझ्या?" तिचा आवाज चढला. "ताई, एका तरी फोटोत बाबा माझ्याकडे बघताहेत का, दाखव!"

मी पडद्याकडे पाहिलं. धाकटी कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. शेजारी बाबा, चष्मा कपाळावर, नाक हातातल्या मोबाइलला टेकलेलं. त्या मोबाइलवर नखाएवढी मी. पुढच्या फोटोतही. त्याच्या पुढच्यातही.

"सात वाजले की मी घरात नसल्यासारखीच! सहा वर्षं जळतेय मी," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

चौथ्यांदा ती फाइल मी मुद्दाम उघडली.

तेवढ्यात काकांनी माझ्यावर दया करून प्रोजेक्टरचा प्लगच काढला.