शालिकगुरुजींची खाट

सानगडीत शालिकगुरुजींकडे चहाला गेलेल्या माणसाला आधी खाटेवर आडवं व्हावं लागतं. 'लेटा,' एवढंच ते म्हणतात. मनगट धरून नाडी मोजतात, मग उभं करून पुन्हा मोजतात. दूधवाला सुटत नाही, मत मागायला आलेला उमेदवारही सुटला नाही. मी शेजारी असल्याने माझी नाडी त्यांना तोंडपाठ आहे.

हे वेड सुनेपायी लागलं. वर्षा उभी राहिली की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधार यायचा. आडवी झाली की बरी. हे नेमकं धानाच्या रोवणीत सुरू झालं, त्यामुळे गावाचं निदान तयार होतं: कामचोर. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, नजर उतरवली. हालचालीनं जाईल म्हणून खुद्द गुरुजींनी तिला पाण्यानं भरलेल्या बांधीत धानाची रोपं रोवायला धाडलं. ती चिखलात कोसळली.

नागपूरच्या डॉक्टरांनी तिला आडवं करून, मग उभं करून नाडी पाहिली. उभं राहताच रक्त पायांकडे उतरतं आणि ते वर पोचवायला हिचं हृदय धावत सुटतं, असं त्यांनी सांगितलं. पाणी भरपूर, मीठ जास्त, उठणं सावकाश. गुरुजींना पटलं. सासूबाईंचं म्हणणं, रक्ताच्या रिपोर्टात काही नाही, म्हणजे रोग नाही. वर्षाला माहेरी ठेवण्याची बोलणी त्यांनी सुरू केली.

तेव्हापासून गुरुजी घरी येईल त्याला निजवून फरक समजावतात. 'तुमची थोडीशी वाढली. हिची लय पळते.' लोक मान डोलावतात आणि स्वतःच्या गुडघ्यांचा इलाज विचारतात. सुनेला सोबत म्हणून गुरुजींनी स्वतःचं मीठही वाढवलं होतं. त्यांचंच ब्लडप्रेशर चढल्यावर डॉक्टरांनी ते थांबवलं.

उन्हाळ्यात लाखनीला सासूबाईंच्या भाचीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, सारा मांडव उभा राहिला. वर्षा खुर्चीतच होती. मागून कोणी बाई म्हणाली, 'लगन लागून रायलं, अन् ही राणी बसूनच.' वर्षा खुर्चीचे हात धरून उठू लागली.

गुरुजी त्या घरचे जावई. ते तिच्या शेजारी खाली बसले.

'बसून राय. मी बी बसतो तुह्याजवळ.'

मेहुणा धावत आला. लोक पाहून राहिले, असं त्याने कानात सांगितलं. गुरुजी उठले नाहीत. पुढच्या रांगेतून सासूबाईंनी वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग गर्दीतून मागे आल्या आणि मुठीतल्या निम्म्या अक्षता वर्षाच्या हातावर ठेवल्या.

'घे,' त्या म्हणाल्या. 'बसूनच टाक.'